मात्चा : चूक पुडीत, पाण्यात की माझ्या हातात?

मंजिरी_कर्वेनगर | रवि, ११:१२

नमस्कार मंडळी. हे पाककृती विभागात टाकावं की सांत्वन विभागात, ते कळेना.

लेक दोन वर्षं जपानीच्या क्लासला जाते. (पुण्यात दर इमारतीत एक जपानी शिकणारं आणि एक जर्मन शिकणारं असतंच. त्यातली ही पहिली.) परवा सेन्सेईंनी, म्हणजे तिथल्या शिक्षकांनी, वर्गात मात्चा (हिरव्या चहाच्या पुडीचा जपानी चहा) करून पाजला. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. "आई, साखर नाही, दूध नाही, तरी गोडसर लागतो!" डॉक्टरांनी साखरेवरून दटावलेल्या माझ्यासारखीने हे ऐकून लगेच डबा मागवला यात नवल काय? तीस ग्रॅम, २४०० रुपये. डब्यावर सोनेरी अक्षरांत "प्रीमियम सेरेमोनियल ग्रेड".

आज सकाळी मुहूर्त केला. पाणी खळखळून उकळलं, कपात दोन चमचे पूड टाकली, वरून पाणी ओतलं, चमच्याने ढवळलं. गुठळ्या अशा की भज्यांचं पीठ परवडलं. गाळून घेतला. रंग हौदातल्या शेवाळाचा, चव कडू आणि मागून ओल्या गवताची. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "पाडव्यापर्यंत झाकून ठेव, कडुनिंब आणायला नको."

तर जाणकारांनी सांगा, मला टोपी घातली की मीच वाट लावली? घेताना नेमकं काय बघायचं असतं? डबा अजून जवळपास भरलेला आहे, हे ध्यानात ठेवून सल्ला द्यावा.

अर्धा_कप | रवि, ११:२०

२४०० रुपये! तेवढ्यात आमच्या कोपऱ्यावरच्या अमृततुल्यवाल्याने सहा महिने "या साहेब" म्हटलं असतं.

ताकपिठ्या | रवि, ११:३१

खुर्ची पकडली. वाचतोय.

निशीकासाईकर | रवि, १३:०५

मंजिरीताई, तोक्योत अकरा वर्षं झाली. त्यातली सहा वर्षं दर शनिवारी चहाच्या वर्गात गुडघे मोडून बसते आहे. तेवढ्या अधिकारावर बोलते. पुडीचं नंतर बघू, आधी तुमचा हात धरते.

एक, उकळतं पाणी. मात्चाला ते चालत नाही, कडवटपणा सगळा वर येतो. सत्तर ते ऐंशी अंश पुरे. थर्मामीटर नको. उकळलेलं पाणी एका थंड भांड्यात ओता, त्यातून दुसऱ्या भांड्यात ओता. दर ओतण्याला साधारण दहा अंश उतरतात. दुसऱ्या भांड्यातलं पाणी वापरा.

दोन, माप. घरातले दोन चमचे शिगोशीग म्हणजे पाच ग्रॅम तरी झाले. रोजच्या पातळ मात्चाला, ज्याला इथे उसुचा म्हणतात, दोन ग्रॅम पूड आणि साठ-सत्तर मिली पाणी लागतं. म्हणजे एक सपाट चमचा आणि कटिंगपेक्षाही कमी पाणी. तुम्ही कपभर केलात ना? इथे तो तीन-साडेतीन घोटांत संपवायचा असतो, शेवटचा घोट आवाज करून ओढायचा. हो, इथे सुर्र करणं शिष्टाचारात बसतं.

तीन, गुठळ्या. पूड इतकी बारीक असते की आपसात चिकटून बसते. आधी चाळायची. चहाची बारीक गाळणी कोरडी करून त्यातून चमच्याने दाबून काढा. हे एक केलंत तरी निम्मा त्रास संपेल.

चार, ढवळायचं नाही, घुसळायचं. चासेन, म्हणजे बारीक काड्यांची बांबूची फेटणी, घ्यायची आणि मनगटाने पुढे-मागे, पुढे-मागे, झपझप. गोल नाही. पंधरा-वीस सेकंदांत बारीक फेस येतो. शेवटी चासेन अलगद मधून वर उचलायची म्हणजे मोठे बुडबुडे फुटतात.

आता खरं सांगा, डबा कुठे ठेवला होता?

मंजिरी_कर्वेनगर | रवि, १३:२२

गॅसच्या वरच्या फळीवर. मसाल्यांच्या शेजारी. :(

निशीकासाईकर | रवि, १३:२४

अरे देवा.

उंबराचं_फूल | रवि, १४:४०

चासेन नाही मिळाली तर ताकाची रवी चालेल का? आमच्याकडे आजीची लाकडी रवी आहे, फुलाची.

ताकपिठ्या | रवि, १४:४४

धाग्यात माझ्या हद्दीतला विषय आला!

रवी दोन तळहातांत फिरते, गोल. तिचं काम लोणी वेगळं काढणं. इथे काही वेगळं काढायचं नाहीये, उलट पूड पाण्यात टांगून ठेवायची आहे, शिवाय भांड्यात पाणी बोटभर. रवीची फुलं पाण्याच्या वरच राहतील. माझं मत : झाकणाच्या बाटलीत पूड-पाणी घालून हलवा, नाहीतर कॉफीवाले दुधाला फेस आणायला वापरतात ते सेलवरचं छोटं यंत्र घ्या.

निशीकासाईकर | रवि, १५:१०

ताकपिठ्या बरोबर बोलतोय. त्या सेलवरच्या यंत्राने फेस उत्तम येतो, वर्गात कबूल करणार नाही इतकंच.

चासेन घेणार असाल तर मात्र थोडं बघून घ्या. नारा प्रांतात इकोमा शहराच्या हद्दीत ताकायामा गाव आहे. जपानात बनणाऱ्या बहुतेक सगळ्या चासेन तिथल्या, पाचशे वर्षांची परंपरा. एकाच बांबूच्या पेराला चिरत चिरत ऐंशी, शंभर, एकशेवीस काड्या काढतात, आतली-बाहेरची ओळ वेगळी करून दोऱ्याने बांधतात. वेगळा जोड नाही, खिळा नाही, डिंक नाही. मी एका कारागिराला समोर बसून काम करताना बघितलं आहे. पातळ केलेल्या काडीचं टोक तो नखाएवढ्या सुरीने आत वळवत होता आणि आमच्याशी गप्पाही मारत होता.

वापरण्याआधी चासेन कोमट पाण्यात मिनिटभर बुडवायची, नाहीतर काड्या तुटून चहात येतात. साबण लावायचा नाही. हवेशीर वाळवायची, डबीत बंद केली की बुरशी.

कळंबस्ते_बुद्रुक | रवि, १५:५५

ते माचा आहे की मात्चा की मच्चा? सगळे वेगवेगळं लिहिताहेत. कॅफेत तर "मॅचा" म्हणतात.

आडवा_काना | रवि, १६:०८

मूळ उच्चारात "च"वर ठेच लागते, म्हणून मात्चा किंवा माच्चा. "माचा" लिहिलं तर पलंग वाटतो.

पण खरी गंमत शेवटच्या अक्षरात आहे. "मात्" म्हणजे दळून पूड केलेला आणि "चा" म्हणजे चा! आपल्याकडे गावात "चा घ्या" म्हणतात तोच. दोघांचंही मूळ चिनी. तेव्हा शहरातल्यांनी "चहा म्हणा, चा नव्हे" असं पोरांना दटावू नये, पोरं जपानी बोलत असतात.

अर्धा_कप | रवि, १६:११

मग आमच्या गावचा "च्या" कुठल्या प्रांतातला?

आडवा_काना | रवि, १६:१३

तो "च्या" प्रत्ययाचा. गुळाच्या, आल्याच्या, फुकटच्या.

गवती_पात | रवि, १८:३०

मी खाद्यपदार्थांच्या आयातीत काम करतो, चहाही हाताळला आहे. मंजिरीताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही म्हणून लिहितो.

"सेरेमोनियल ग्रेड" या शब्दांना कायद्याने काहीही अर्थ नाही. जपानात अशी सरकारी प्रतवारी नाही. हा शब्द परदेशी गिऱ्हाइकासाठी पुढे आला. कोणीही कुठल्याही हिरव्या पुडीवर छापू शकतो. आपल्याकडे मुंबईत एप्रिलमध्ये प्रत्येक हातगाडीवर "अस्सल देवगड" लिहिलेलं असतं, तसं समजा. हापूसला निदान २०१८ पासून भौगोलिक निर्देशांक आहे, कोकणपट्टीतल्या पाच जिल्ह्यांपुरता. "सेरेमोनियल"ला तेवढाही आधार नाही.

मग बघायचं काय? सगळ्यात आधी, तो खरंच मात्चा आहे का. मात्चा म्हणजे वाटेल तो हिरवा चहा दळून केलेली पूड नव्हे. खुडणीआधी तीन-चार आठवडे मळ्यावर सावली धरतात. पूर्वी वेताचे-बोरूचे पडदे आणि वर भाताचा पेंढा पसरत, आता बहुतेक ठिकाणी काळी जाळी. उन्हाशिवाय पान हिरवंगार होतं, कारण ते मिळेल त्या उजेडासाठी हरितद्रव्य वाढवतं. पानात थिआनिन नावाचं द्रव्य असतं, चहाचा तो गोडसर, सूपसारखा भरीवपणा त्यातूनच येतो. उन्हात त्याचं रूपांतर तुरट कॅटेकिनांत होतं, सावलीत ते टिकून राहतं. तुमच्या लेकीला साखर न घालता जो गोडवा लागला, तो हा. खुडलेलं पान वाफवतात आणि न वळता तसंच सपाट वाळवतात, मग देठ आणि शिरा काढून टाकतात. राहिला तो तेन्चा. तेन्चा दळला की मात्चा. उन्हातल्या साध्या पानांची पूड स्वस्त पडते आणि तीच "मात्चा" म्हणून विकली जाते.

डोळ्यांनी ओळखायचं तर पांढऱ्या कागदावर चिमूटभर घेऊन बोटाने ओढा. चांगली पूड कोवळ्या पोपटी-हिरव्या रंगाची आणि गंधपावडरीसारखी मऊ, रेघ लांब उमटते. पिवळट, मेंदीसारखी, खरखरीत असेल तर उन्हातली, उशिराच्या खुडणीची किंवा शिळी. वास ताज्या समुद्रशेवाळासारखा आणि किंचित दुधाळ यायला हवा. वाळलेल्या गवताचा आला तर समजून जा.

डब्यावर वाचायचं तर प्रांत, पहिली खुडणी आहे का, आणि दळल्याची तारीख. घटकांत "हिरवा चहा" सोडून दुसरा शब्द असेल तर परत ठेवा. आणि पारदर्शक बरणीत विकणाऱ्याकडून घेऊच नका. उजेड हा मात्चाचा पहिला शत्रू, दुसरा मंजिरीताईंची गॅसवरची फळी.

निशीकासाईकर | रवि, १९:०२

एक भर. जुन्या घराण्यांच्या डब्यांवर ग्रेड नसते, काव्यात्मक नाव असतं. नावाच्या शेवटी "मुकाशी" असेल तर परंपरेने तो घट्ट मात्चासाठी, म्हणजे कोइचासाठी, आणि "शिरो" असेल तर पातळासाठी. कोइचाला चार ग्रॅम पूड आणि चमचाभर-चमचाभर पाणी. घुसळत नाहीत, चासेनने मळतात, काकवीसारखा होतो. त्यात पुडीचा एकही दोष लपत नाही, म्हणून सगळ्यात वरची पूड तिथे लागते. मंजिरीताई, पाच ग्रॅम टाकून तुम्ही नकळत त्याच वाटेला गेला होतात!

रानभूल | रवि, २०:१५

"उजी" लिहिलेला घ्यावा असं वाचलं. तो सर्वोत्तम ना?

गवती_पात | रवि, २०:४०

उजी हे क्योतोजवळचं गाव, मात्चाचं माहेर, त्यामुळे नावाला वजन आहे. पण "उजीचा चहा" ही तिथल्या व्यापारी संघटनेची व्याख्या वाचाल तर त्यात क्योतो, नारा, शिगा आणि मिए अशा चार प्रांतांतली पानं चालतात, प्रक्रिया मात्र क्योतोत व्हायला हवी. फसवणूक नाही, पण "उजीच्या टेकडीवर पिकलेला" असंही नाही. आइची प्रांतातल्या निशिओचा मात्चा छान असतो, फुकुओकाच्या यामेचाही. दक्षिणेकडचं कागोशिमा तर आता फार पुढे गेलंय. २०२४ मध्ये एकूण चहात त्यांनी शिझुओकाला पहिल्यांदाच मागे टाकलं. गावापेक्षा पान कधी खुडलं आणि पूड कधी दळली हे विचारा.

सदूभाऊ_६२ | रवि, २१:३०

सगळं वाचलं. माझं स्पष्ट मत : हे निव्वळ भाव खाणं आहे. पान वाटून पाण्यात कालवायचं आणि त्याला भांडी, ब्रश, वर्ग, गुडघे मोडून बसणं! आमच्या आईने पातेल्यात आलं ठेचून, गवती चहा टाकून चाळीस वर्षं चहा केला, कोणी शिकवलं नाही. तुमच्या जपानी लोकांनी एकदा तो प्यावा.

निशीकासाईकर | रवि, २१:५८

सदूभाऊ, पितात की. माझ्या वर्गातल्या सत्तरीच्या बाई घरी येतात त्या आल्याच्या चहासाठीच, आणि आलं किती ठेचलं, कधी टाकलं, दूध आधी का नंतर, सगळं वहीत उतरवून घेतात. तुमच्या आईंनाही कोणीतरी शिकवलं असणार, फक्त तो वर्ग स्वयंपाकघरात भरला, एवढंच.

सदूभाऊ_६२ | रवि, २२:०४

हे मान्य.

जात्यावरची_ओवी | सोम, ०८:२०

दळण्याचा उल्लेख आला म्हणून राहवलं नाही. मागे क्योतोला गेले होते, तिथे चहाच्या कारखान्यात दळण बघायला मिळालं. आणि बघते तर जातं! अगदी आपलं. खाली-वर दोन ग्रॅनाइटच्या तळ्या, मधोमध खुंटा, आतल्या बाजूला किरणांसारखी टाकलेली खाचणी. फरक इतकाच की ते आता मोटरवर फिरतं, पण इतकं सावकाश, की मी आधी बंद पडलंय असं समजले. मुद्दामच तसं. वेग वाढला की दगड तापतो आणि पुडीचा वास उडतो. एका जात्यातून तासाला तीस-चाळीस ग्रॅम पूड निघते.

म्हणजे मंजिरीताईंचा डबा खरंच दगडावर दळलेला असेल तर त्यामागे एका जात्याचा जवळपास तास आहे. नसेल, तर यंत्राच्या फिरत्या पिंपात गोळ्यांखाली भराभर कुटलेला.

गाइडने सांगितलं की खाचा झिजल्या की माणूस हाताने पुन्हा कोरतो, आणि तो हात तयार व्हायला वर्षं जातात. मला एकदम माझ्या आजोळची हाळी ऐकू आली, "जात्याला टाकी लावाऽऽयची का..." त्या गाइडला ते सांगायचा मी खूप प्रयत्न केला. खुणा केल्या, आवाज काढून दाखवला. ती फार नम्रपणे हसली.

उंबराचं_फूल | सोम, ०८:३३

ओवी, हे वाचून अंगावर काटा आला.

मग घरच्या जात्यावर चहा दळून...?

जात्यावरची_ओवी | सोम, ०८:३६

आजीच्या जात्यावर कालपर्यंत मेतकूट दळलंय. हळदीचा मात्चा होईल.

ताकपिठ्या | सोम, ०८:४०

मेतकूट लाते. कोणीतरी बांद्र्यात साडेचारशेला विकायला ठेवा, रांग लागेल.

पेटाऱ्यातलं | सोम, १०:१०

थोडा इतिहास. पूड घुसळून प्यायची पद्धत मूळची जपानी नाही, ती सोंग घराण्याच्या काळातल्या चीनची. एइसाई नावाचा बौद्ध भिक्षू ११९१ मध्ये चीनहून परतला, त्याने चहाचं बी आणि ही पद्धत जपानात नेली. पुढे १३९१ मध्ये मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने दाबलेल्या वड्यांचा चहा नजराण्यात घेणं बंद केलं, सुट्या पानांना चलती आली आणि खुद्द चीनमध्ये पूड घुसळणं मागे पडलं. जपानात ते मठांत, मग सरदारांत, मग सोळाव्या शतकात चहागुरू सेन नो रिक्यूच्या हाताखाली (१५२२-१५९१) इतकं साधं आणि इतकं काटेकोर झालं की आजच्या मोठ्या चहाघराण्यांची वंशावळ त्याच्यापासून सुरू होते.

आता चीनमध्ये पुन्हा मात्चा होऊ लागलाय, ग्वेइचौ प्रांतात प्रचंड प्रमाणावर. तेव्हा "चिनी म्हणजे नकली" म्हणायची घाई नको. माहेरी परत आलेली लेक आहे ती.

रानभूल | सोम, १०:३०

फेस किती यायला हवा? माझ्या मात्चावर कधी येतो, कधी नाही.

निशीकासाईकर | सोम, ११:१५

यावर दोन घराण्यांचं पाचशे वर्षांत एकमत झालं नाही, तर आपण कोण. उरासेन्के घराण्यात सगळा पृष्ठभाग दाट फेसाने झाकतात. ओमोतेसेन्केवाले फेस कमी ठेवतात, एका बाजूला चंद्रकोरीएवढं हिरवं पाणी उघडं दिसलं पाहिजे. चूल एकच होती, भाऊ वेगळे झाले.

आडवा_काना | सोम, ११:१८

पाचशे नाही हो. घराणी रिक्यूच्या पणतवंडांत वेगळी झाली, म्हणजे सतराव्या शतकात.

निशीकासाईकर | सोम, ११:२१

बरोबर, माझी चूक. सेन्सेईंना सांगू नका.

डॉ_कडूगोळी | सोम, १३:४५

वैद्यकीय पाटी लावतो, मग जातो. मात्चात आख्खं पान पोटात जातं, गाळलेला अर्क नव्हे. दोन ग्रॅम पुडीत साठ-पासष्ट मिलिग्रॅम कॅफीन असतं, इन्स्टंट कॉफीच्या कपाइतकं. रात्री नऊला पिऊन बारा वाजता "झोप का नाही" असा धागा काढू नये. लोह कमी असेल तर जेवणाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका, तासाभराचं अंतर ठेवा. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, कारण पानातलं के जीवनसत्त्व त्या औषधाच्या आड येतं. बाकी वजन उतरतं वगैरे मजकूर डब्यावरच राहू द्या.

चकणा_चांदोबा | सोम, १६:२०

मी बंगळूरला ओटच्या दुधात, बर्फ घालून, व्हॅनिला टाकून पितो. आता मला शिव्या घाला.

सदूभाऊ_६२ | सोम, १६:२२

घातल्या.

गवती_पात | सोम, १६:५०

खुशाल प्या. फक्त त्यात महागाची पूड घालू नका. दुधाखाली ती नाजूक चव बुडते, उलट थोडी कडवट, दणकट पूड दुधात उठून दिसते. शालू नेसून भांडी घासू नयेत. लाते, केक, आइस्क्रीम यांना मधल्या दर्जाची पुरे.

निशीकासाईकर | सोम, १७:३०

आणि सध्या तर मुळीच नको. २०२४ च्या शरदात क्योतोतल्या जुन्या दुकानांनी मात्चावर मर्यादा घातली, माणशी एक डबा. २०२५ मध्ये तेन्चाचे लिलावातले भाव आदल्या वर्षाच्या दुपटीच्याही वर गेले. आधीच्या उन्हाळ्याने झाडं करपलेली, राखणारे शेतकरी म्हातारे, आणि नवं झाड लावलं तरी खुडण्याजोगं व्हायला पाचेक वर्षं. तुमचा मोबाईलवरचा हिरवा ग्लास एका रात्रीत जगभर जातो, झाड नाही जात.

उंबराचं_फूल | सोम, १८:०५

म्हणजे ताजा मिळाला की साठवून ठेवावा?

निशीकासाईकर | सोम, १८:२०

पूड नाही. उघडलेला डबा महिन्याभरात संपवायचा. न उघडलेला फ्रिजमध्ये, आणि बाहेर काढल्यावर लगेच झाकण उघडायचं नाही, नाहीतर आत दव धरतं.

पान मात्र साठवतात. मे महिन्यात खुडलेला तेन्चा मातीच्या रांजणात सीलबंद करून सगळा उन्हाळा ठेवायचा आणि नोव्हेंबरात सील तोडून दळायचा, हा चहावाल्यांचा दिवाळीसारखा सण. मुरलेल्या पानाचा उग्रपणा जातो. नव्या तांदळाचा भात चिकट होतो म्हणून आपण जुना आंबेमोहोर शोधतो ना, तसं. पण जुनं तांदळाचं पीठ कोणी शोधत नाही.

कळंबस्ते_बुद्रुक | सोम, १८:४४

पाण्याचं काय? आमच्याकडे बोअर.

गवती_पात | सोम, १९:००

जड पाण्यात चव मरते आणि रंगही मळतो. जपानातलं पाणी बहुतेक हलकं, चहा त्याच पाण्यावर वाढलाय. बोअर किंवा टँकर असेल तर फिल्टरचं पाणी घ्या.

रानभूल | सोम, १९:३०

सोबत खायला काय? तिकडची मिठाई इथे कुठे मिळणार.

जात्यावरची_ओवी | सोम, १९:४१

तिथे आधी गोड खातात, मग चहा. एकाआड एक नाही. तोंडात गोडवा असतानाच पहिला घोट. मी ओल्या नारळाची वडी ठेवते, वेलची न घालता. वेलची घातलीत की मात्चा गेला. खव्याचा साधा पेढाही चालतो. चितळ्यांच्या बाकरवडीचा विचार कोणी करू नये.

अर्धा_कप | सोम, १९:४३

आम्ही करणारच होतो.

मंजिरी_कर्वेनगर | शनि, १२:३०

मंडळी, आठवडाभर प्रयोग करून हजर झाले.

आधी कबुली. डबा नीट वाचला. प्रांत नाही, खुडणी नाही, दळल्याची तारीख नाही. भारतात पॅक केल्याची तारीख तेवढी, नऊ महिन्यांपूर्वीची. कागदावर रेघ ओढली, ती मेंदीच्या रंगाची आली आणि दोन बोटांत संपली.

तरी निशीकासाईकर म्हणाल्या तसं सगळं केलं. लेकीने प्रयोगशाळेतल्यासारखे दोन ग्रॅम मोजले, गाळणीतून चाळले, पाणी दोन भांड्यांतून उतरवलं. सेलवरचं यंत्र फिरवलं (आधी कप रिकामा ठेवून सराव केला, कारण पहिल्यांदा ओट्यावर रंगपंचमी झाली होती). फरक जमीन-अस्मानाचा. गुठळी नाही, कडूपणा निम्म्यावर, चक्क फेस. पण गोडवा नव्हता.

मग लेकीने वर्गात ही सगळी कथा सांगितली. सेन्सेईंनी आपल्या डब्यातली दोन कपांपुरती पूड चांदीच्या कागदात बांधून दिली. आज दोन्ही शेजारी शेजारी केल्या, तेच पाणी, तेच माप, सारखेच कप. काय सांगू. एक कोवळ्या भाताच्या रोपांसारखा, दुसरा त्याच रोपांच्या पेंढ्यासारखा. सासूबाईंना न सांगता दोन्ही कप दिले. त्यांनी सेन्सेईंचा उचलला, संपवला, कपाच्या तळाशी राहिलेला फेस बोटाने पुसून खाल्ला आणि म्हणाल्या, "हा मुगाच्या कढणासारखा लागतो. बाळंतिणीला देण्यासारखा आहे." माझ्या मते या घरातून याहून मोठं प्रमाणपत्र मिळणार नाही.

म्हणजे हात माझा चुकला होता आणि पूडही चुकली होती. हात सुधारला. पुडीची नानकटाई केली, साजूक तुपात, ती मात्र फर्मास झाली. रंग उतरला पण चव आली. सदूभाऊंना पाठवायची तयारी आहे.

सदूभाऊ_६२ | शनि, १२:३८

पत्ता व्यनि केला आहे.

डॉ_कडूगोळी | शनि, १२:५०

बाळंतिणीचं मनावर घेऊ नका. कॅफीन.

उंबराचं_फूल | शनि, १३:१५

मी रवीने करून बघितला. ताकपिठ्याचं बरोबर होतं. भिंत अजून हिरवी आहे.

निशीकासाईकर | शनि, १४:००

सासूबाईंना माझा नमस्कार. कढणाची उपमा मी वर्गात भाषांतर करून सांगणार.

डिसेंबरात पुण्याला येते आहे. मंजिरीताई, एक डबा आणते.

रानभूल | शनि, १४:०२

माझ्यासाठी पण एक?

चकणा_चांदोबा | शनि, १४:०३

+१

ताकपिठ्या | शनि, १४:०३

+१, आणि चासेन.

अर्धा_कप | शनि, १४:०५

मला नको. पण नेऊन विकता येईल, +१.

निशीकासाईकर | शनि, १४:२०

अहो, माणशी एकच डबा देतात, वर लिहिलंय ना! नवऱ्याला दुसऱ्या रांगेत उभा करीन, म्हणजे दोन. दुसरा कोणाचा, ते तुम्ही इथेच भांडून ठरवा.